नटाला मिळालेले पुरस्कार स्मरणिकेत कसे मांडावेत?

तुमचा प्रश्न असा: बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या नाट्यमंडळाची स्मरणिका निघते आहे, तालुक्यातल्या एका ज्येष्ठ नटाने नाटक, मालिका, चित्रपट तिन्हीकडे काम केलंय, त्यांच्या पुरस्कारांची यादी द्यायची आहे, पण एकाच पुरस्कारापुढे तीन ठिकाणी तीन सालं सापडतात. खरं कुठलं धरायचं?

तिन्ही खरी असू शकतात. ‘जोगवा’ हा चित्रपट घ्या, आपल्या सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या जोगत्या-जोगतिणींचा विषय. उपेंद्र लिमये यांना त्यातल्या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ते ५६ वे पुरस्कार, वर्ष २००८. चित्रपट थिएटरात लागला सप्टेंबर २००९ मध्ये. निकाल जाहीर झाला जानेवारी २०१० मध्ये. राष्ट्रीय पुरस्कारात साल धरतात ते सेन्सॉरच्या दाखल्याचं, चित्रपट लागल्याचं नव्हे. म्हणून एक जण २००८ लिहितो, दुसरा २००९, तिसरा २०१०.

यावर उपाय एकच: तक्त्यात सालाचे दोन रकाने करा, ‘पुरस्कार वर्ष’ आणि ‘प्रदान’. त्यांच्याशेजारी संस्था, विभाग, कलाकृती व भूमिका, निकाल आणि पुरावा. एवढे सात रकाने उभ्या पानावर दाटीने बसतात, म्हणून पान आडवं घ्या. ‘पुरावा’ हा रकाना छापायचा नाही, पण तुमच्या वहीत तो हवाच. त्याच्याशिवाय कुणी शंका काढली की सगळी शोधाशोध पहिल्यापासून करावी लागते.

‘निकाल’ या रकान्यात सर्वात जास्त घोळ होतो. विजयी, विभागून, विशेष उल्लेख, उत्तेजनार्थ आणि नामांकन हे पाच वेगळे शब्द आहेत, एकाच्या जागी दुसरा चालत नाही. विक्रम गोखले यांना ‘अनुमती’साठी मिळालेला ६० वा राष्ट्रीय पुरस्कार इरफान खान यांच्यासोबत विभागून होता. तसं लिहिल्याने त्यांचा मान रतीभर कमी होत नाही. नामांकनं मात्र तक्त्याच्या खाली वेगळी द्या, एकूण आकड्यात मिसळू नका. कलाकृतीला मिळालेलंही नटाच्या नावावर चढवू नका. ‘जोगवा’ला त्या वर्षी पाच राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, त्यातला अभिनयाचा एक, बाकीचे सामाजिक विषयावरचा चित्रपट, संगीत आणि दोन पार्श्वगायनाचे. नटाच्या तक्त्यात एकच ओळ येणार.

नाटकाकडे जास्त वेळ द्या, कारण सीमाभागातल्या कलावंताची खरी कमाई तिथेच असते आणि तीच सर्वात कमी नोंदलेली असते. महाराष्ट्र शासनाच्या हौशी राज्य नाट्य स्पर्धेत आधी केंद्रावर प्राथमिक फेरी होते, मग अंतिम. अभिनयाचं रौप्यपदक आणि गुणवत्ता प्रमाणपत्र दोन्ही फेऱ्यांत दिलं जातं. नुसतं ‘राज्य नाट्य स्पर्धेत रौप्यपदक’ लिहिलं तर वाचणाऱ्याला ते अंतिम फेरीचंच वाटतं. फेरी लिहा, केंद्राचं नाव लिहा. केंद्रावरचं पदकही मानाचंच आहे, त्याला फुगवायची गरज नाही.

संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार किंवा सांगलीला ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, दिलं जाणारं विष्णुदास भावे पदक एखाद्या नाटकासाठी नसतं. ते एकूण कारकिर्दीबद्दल असतं. महाराष्ट्र शासनाचा अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या नावाचा संगीत रंगभूमी जीवनगौरवही तसाच (अण्णासाहेब आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, स्मरणिकेत ही ओळ जरूर घाला). अशा पुरस्कारापुढे नाटकाचं नाव घातलं की चूक झाली. अकादमीचं सालही तपासून घ्या: २०१९, २०२० आणि २०२१ चे पुरस्कार एकदमच नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झाले आणि पुढच्या फेब्रुवारीत दिले गेले. पद्म सन्मान असेल तर तो यादीत द्या, पण ‘पद्मश्री अमुक’ असं नावाआधी जोडू नका. तो किताब म्हणून वापरता येत नाही.

मालिकांचं थोडक्यात. पुरस्कार परीक्षकांनी दिला की प्रेक्षकांच्या मतांवर, तेवढं लिहा. वाहिनीचा स्वतःचा सोहळा असेल तर त्यात त्याच वाहिनीच्या मालिका असतात, तेही समजू द्या. शिवाय लोकांना भूमिकेचं नाव आठवतं, मालिकेचं नाही. दोन्ही लागतात.

आता कागदपत्रं. कर्नाटकातल्या संस्थांची प्रमाणपत्रं बऱ्याचदा कन्नडमध्ये असतात. ती कन्नड नीट वाचणाऱ्याकडूनच वाचून घ्या, कारण कन्नड सहा आणि नऊ घाईत अगदी सारखे दिसतात आणि २०१६ चं २०१९ होतं. संस्थेचं नाव आहे तसं देवनागरीत लिहा, विभागाचं नाव मराठीत द्या. बेळगाव शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, त्यामुळे जुन्या-नव्या कागदांवर नाव वेगळं दिसेल. शोधताना दोन्ही नावांनी शोधा.

वर्तमानपत्रातली कात्रणं घरोघरी असतात, पण कापताना वरची तारीख हमखास जाते. कात्रण वहीत चिकटवलेलं असेल तर ओढून काढू नका, फाटेल. पान उजेडासमोर धरा. मागच्या बाजूला जाहिरात असते, नाट्यप्रयोगाची किंवा लिलावाची, आणि तिच्यात ‘रविवार दि. १२’ असं काहीतरी सापडतं. साल माहीत असेल तर वार आणि तारीख जुळवून जुन्या कॅलेंडरवरून महिना काढता येतो, फार तर दोन-तीन महिने जुळतात. मग ‘तरुण भारत’ दैनिकाच्या त्या महिन्यांच्या अंकांत बातमी शोधायला फार तर दोन-तीन दिवस लागतात. फ्रेममधल्या प्रमाणपत्राचा फोटो काढताना काच काढता येत नसेल तर फ्रेम खिडकीला आडवी धरा आणि फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर नेमकी सही आणि सालच पांढरं पडतं.

छापण्याआधी तक्ता त्या नटांना स्वतः मोठ्याने वाचून दाखवा. नजरेखालून घालायला दिला तर ते संकोचाने ‘ठीक आहे’ म्हणतील. ऐकताना मात्र ‘ती एकांकिका होती, दोन अंकी नव्हे’ असं लगेच तोंडून निघतं.