दूरदर्शनच्या जुन्या मराठी मालिका पूर्ण का मिळत नाहीत? कुठे बघायला मिळतील?

बऱ्याच आता नाहीतच हो, हे खरं उत्तर. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, सुरवातीला पुष्कळ कार्यक्रम लाइव्हच जायचे, आणि जे रेकॉर्ड व्हायचे त्यांच्या टेपा इतक्या महाग की पुसून त्याच्यावरच पुढचा कार्यक्रम घ्यायचे. बीबीसीनं पण हेच केलं, त्यांच्या एका मालिकेचे ९ हरवलेले भाग २०१३ मधे नायजेरियात सापडले.

टेप असली तरी रिलीज करणं सोपं नाही. लेखक, संगीत, कलाकार सगळ्यांचे करार तेव्हा फक्त टीव्हीवर दाखवायचे, इंटरनेट कुणाच्या डोक्यातच नव्हतं, आता प्रत्येकाच्या वारसांना शोधून परवानगी घ्यायची म्हणजे वर्षं जातात. थोडंफार प्रसार भारतीच्या यूट्यूब चॅनलवर आहे, तिथं आधी बघा.

आमच्या बेळगावजवळच्या खानापूरच्या घरी मामानं टीव्हीवरून भरलेल्या व्हीएचएस कॅसेटी होत्या, आमच्याकडं पाऊस आणि ओल भरपूर, माळ्यावरून काढल्या तर रिळाच्या कडेला पांढरी बुरशी पिठासारखी बसलेली. मी घाईनं एक प्लेयरमधे घातली आणि टेप हेडला, म्हणजे प्लेयरमधल्या टेप वाचणाऱ्या भागाला, चिकटून तुटली, अजून जीव हळहळतो. त्यामुळं बेळगाव, निपाणी, खानापूरकडं कुणाकडं अशा कॅसेटी असतील तर प्लेयरला लावू नका, कोरड्या जागी उभ्या ठेवा आणि बुरशी साफ करून डिजिटल करणाऱ्याकडंच द्या. मूळ टेप पुसली गेली असेल तर तुमच्या माळ्यावरची कॉपी एकमेव असू शकते.