ठासणीची बंदूक : चौथी गोळी सांगते ते खरं

मुलगा पेनसिल्व्हेनियात नोकरीला आहे. तिथे नाताळनंतर चकमकीच्या बंदुकीने हरीण मारायचा रीतसर हंगाम असतो म्हणे. त्याने ५० कॅलिबरची ठासणीची रायफल घेतली. पहिली गोळी आरामात बसते, चौथीला गज (गोळी आत ढकलायची काठी) वाकायची वेळ येते आणि नेमही भरकटतो. कुठली गोळी घ्यावी? (निवृत्त शिक्षक, अचलपूर)

गुरुजी, पहिली गोळी कुणाचीही आरामात बसते. स्वच्छ नळीत गोळी कशी जाते यावरून काहीच ठरवू नये. काळी दारू जळली की तिचा निम्म्याहून जास्त भाग वायू होतच नाही, घन राहतो. त्यातला काही धुरातून उडतो, बाकीचा घट्ट मळ होऊन नळीतच बसतो. प्रत्येक बारानंतर नळी थोडी अरुंद होते. त्यामुळे चौथ्या गोळीला जे जमतं तेच खरं माप.

गोळी विकत घेण्याआधी मुलाला नळीचा पीळ, म्हणजे आतल्या खाचा किती इंचांत एक फेरा घेतात ते, मोजायला सांगा. मूठ फिरणाऱ्या सफाईच्या गजाला घट्ट चिंधी लावायची, गजावर खूण करायची आणि हळूहळू आत ढकलायचं. खूण एक पूर्ण फेरा घेईपर्यंत गज किती इंच आत गेला ते बघायचं. ४८ इंचांत किंवा त्याहून लांब, ६६ पर्यंत, एक फेरा असेल तर ती नळी चिंधीत गुंडाळलेल्या गोल गोळीची. २८ इंचांत फेरा असेल तर ती लांबट गोळीसाठी कापलेली. तिच्यात गोल गोळी घालून महिनाभर डोकं फोडलं तरी जोरकस बाराला नेम जागेवर राहायचा नाही.

पीळ ४८ चा निघाला असं धरून सांगतो. ५० कॅलिबरची नळी म्हणजे आतून ०.५०० इंच. नेहमीची जोडी ०.४९० ची गोळी आणि १५ थाऊची चिंधी. (लेथवर काम केलेल्यांना थाऊ सांगायला नको. बाकीच्यांसाठी, इंचाचा हजारावा भाग.) ही गोळी साधारण १७७ ग्रेनची, म्हणजे साडेअकरा ग्रॅम. शिसं शुद्ध हवं, नखाने ओरखडा उठेल इतकं मऊ. चाकांना लावायच्या वजनांचं शिसं कडक असतं, ते नको.

चौथी गोळी अडते म्हटल्यावर लोक चिंधी पातळ करतात. मी उलटं सांगेन. गोळी ०.४८५ ची घ्या आणि चिंधी जाडच ठेवा. कापड दबतं, खाचांत शिरतं, मळ पुसत खाली जातं. शिसं तसं दबत नाही. मोठी गोळी आणि पातळ चिंधी या जोडीत नळी मळली की कापडाला जागाच उरत नाही, मग गजावर जोर काढावा लागतो. लाकडी गज असा जोर लावताना तिरपा मोडतो आणि त्याची फाक सरळ तळहातात घुसते. नळीच्या तोंडापासून वीतभरच वर धरून, थोडा थोडा ढकलत न्यावा.

चिंधीचं कापड हा तर आपल्या कापूसवाल्यांचा विषय. घट्ट विणीचं शंभर टक्के सुती हवं. गादीच्या खोळीचं जाड कापड उत्तम, चांगला मांजरपाटही चालेल. आधी धुऊन खळ काढायची, मग कॅलिपरमध्ये दाबून जाडी बघायची. टेरिकॉट अजिबात नको, ते वितळून नळीला चिकटतं. वंगण म्हणून मेण आणि खाण्याचं तेल एकत्र वितळवून लावा. गाडीचं ग्रीस काळ्या दारूच्या मळाशी मिळून डांबरासारखं होतं.

आता खरी गंमत. बार काढल्यावर निशाणाकडे पळायच्या आधी, चाँदमारी थांबलेली असताना, नळीसमोर दहा-पंधरा पावलांवर पडलेल्या चिंध्या गोळा करायच्या. मधोमध करडा गोल डाग, भोवती खाचांच्या रेघा आणि कडा उसवलेल्या, पण कापड शाबूत, असं असेल तर जोडी जमली. मधे जळून भोक पडलं तर वंगण कमी आहे किंवा चिंधी सैल आहे, गरम वायू बाजूने निसटतोय. रेघांवरच ब्लेडने कापल्यासारखे काप असतील तर नळीच्या तोंडाची धार चिंधी कापतेय. ते काम बंदूक दुरुस्त करणाऱ्याचं, घरी कानस घेऊन बसू नये. निशाणावरच्या भोकापेक्षा ही चिंधी जास्त बोलते.

दारूचं माप उत्पादकाच्या पुस्तिकेतलंच. ५० कॅलिबरला मापाने ५० ग्रेनपासून सुरुवात करावी, पाच-पाचने वाढवावं आणि पुस्तिकेतली कमाल मर्यादा ओलांडू नये. एका वेळी एकच गोष्ट बदला. दारू बदलली तर चिंधी तीच ठेवा. प्रत्येक बारानंतर जेमतेम ओलसर चिंधी एकदा आत-बाहेर फिरवा, मग कोरडी. दारू काळीच हवी, नाहीतर उत्पादकाने मान्य केलेला पर्याय. काडतुसातली धूरविरहित दारू चिमूटभरही घातली तर नळी हातात फुटू शकते.

आणि गोळी दारूवर टेकलीच पाहिजे. मधे पोकळी राहिली तर नळी त्या जागी फुगते. बार भरला, गोळी टेकली, की गजावर नळीच्या तोंडाशी रेघ मारून ठेवायची. पुढच्या प्रत्येक वेळी रेघ तिथेच यायला हवी.

इंग्रज फौजेच्या एनफिल्ड रायफलीची गोळी भरायला सोपी होती असं वाचलं. मग चिंधीचा हा खटाटोप कशाला? १८५७ च्या चरबीचा याच्याशी काही संबंध आहे का? (इतिहासाची विद्यार्थिनी, अमरावती)

संबंध आहे, ताई, आणि थेट आहे. त्याआधीच्या रायफलीत गोळी घट्ट बसवावी लागे, त्यामुळे भरायला वेळ लागे. फ्रान्सच्या क्लोद-एतिएन मिनीए याने १८४९ मध्ये तोडगा काढला. गोळी नळीपेक्षा मुद्दाम लहान, लांबट आणि बुडाशी पोकळ. भरताना सुळकन खाली जाते, बार झाला की वायूच्या दाबाने बूड फुलतं आणि खाचा धरतं. १८५३ च्या एनफिल्डची नळी ०.५७७ इंचांची. तिची गोळी आधी ०.५६८ ची होती. मळलेल्या नळीत तीही जड जाऊ लागली म्हणून पुढे ०.५५० पर्यंत उतरवली. म्हणजे इंग्रज फौजेलाही चौथ्या गोळीनेच शिकवलं.

काडतुसाच्या कागदाला वंगण होतं ते गोळी सरकावी आणि मळ मऊ राहावा म्हणून. त्या वंगणात गाय आणि डुकराची चरबी आहे ही बातमी छावण्यांतून पसरली. २९ मार्च १८५७ ला बराकपूरला मंगल पांडे उभे राहिले, पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. गुरुजींच्या मुलाने मिनीए गोळी जरूर करून बघावी, पण नळीच्या मापाची आणि मऊ शिशाचीच. कडक शिशाचं बूड फुलत नाही.

आजोबांची भरमार (ठासणीची देशी बंदूक) घरी आहे, ते मागच्या वर्षी वारले. तुरीत, हरभऱ्यात रानडुकरं आणि रोही (नीलगाय) धुमाकूळ घालतात, रोज जागलीला जातो. वरची गोळी-चिंधी आमच्या भरमारीत चालेल का? (शेतकरी, आर्वी तालुका)

भाऊ, गोळीचं राहू द्या. आधी बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्या. परवाना आजोबांच्या नावाचा होता, तो त्यांच्याबरोबर संपला. आता ती बंदूक घरी ठेवणं हाच गुन्हा. मग वारस म्हणून जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, अर्जात तो लिहा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे.

पण परवाना बंदुकीचा मिळतो, जनावराचा नाही. रानडुक्कर आणि रोही दोन्ही वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीत आहेत. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ खाली वन विभागाचा अधिकृत अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ती हातात नसेल तर मारू नका, शेत तुमचं असलं तरी. नुकसान झालं त्याच दिवशी वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्या. झटका मशीन लावा, पण तारेत सरळ लाईटचा करंट सोडू नका. त्याने डुकराआधी शेजारचा माणूस जातो.

चालेल का, याचं उत्तरही देऊन टाकतो. आपल्याकडची भरमार आतून गुळगुळीत असते, खाचाच नाहीत. पीळ नाही म्हणजे गोळी फिरत नाही आणि वरचं सगळं माप तिला लागू नाही.

बार काढल्यावर दोन दिवसांत नळी लाल पडते. तेल लावतो तरी. (परवानाधारक, उमरखेड)

मळावर तेल लावता म्हणून. काळ्या दारूचा मळ क्षारयुक्त असतो, हवेतला ओलावा ओढतो. त्याच संध्याकाळी साबणाच्या गरम पाण्याने धुवा, कोरडी करा, मगच तेल.

सासऱ्यांच्या परवान्याची बंदूक भिंतीवर वर्षानुवर्षं आहे. ते म्हणतात रिकामी आहे. घरात लहान मुलं आहेत, कसं ओळखायचं? (गृहिणी, पुसद)

ताई, बरं विचारलंत. तुम्ही स्वतः हात लावू नका. सासऱ्यांना परवानाधारक कारागिराकडे न्यायला सांगा. तिचं तोंड कुणाकडे येऊ द्यायचं नाही, चाप ओढून बघायचा नाही.

उमेदवारीच्या दिवसांत आमच्या दुकानात अशीच एक आली होती. वीस वर्षांत कुणी वापरली नाही, नुसती पॉलिश करा म्हणाले. उस्तादांनी गज आत सोडला. टिंग असा लोखंडावर लोखंडाचा आवाज यायला हवा होता, आला मऊसा धप्प. त्यांनी गजावर नळीच्या तोंडाशी अंगठा धरला, गज बाहेर काढून नळीच्या बाजूने लावला. गजाचं टोक बत्तीच्या भोकापासून चार बोटं अलीकडेच थांबलं. चार बोटं म्हणजे दारू, बोळा आणि छर्रे. मालक समोर स्टुलावर चहा पीत होते. ते उठून दुकानाबाहेर गेले आणि बंदूक न्यायला पुन्हा आले ते मुलाला पाठवून.