वाचक विचारतात: स्तुतीच्या पुस्तकात एवढी गाऱ्हाणी कशी?

प्रश्न: बायबलमधली स्तोत्रसंहिता, म्हणजे १५० स्तोत्रांचा संग्रह, पहिल्यांदाच सलग वाचायला घेतली. हिब्रूत तिचं नाव 'तेहिलीम' म्हणजे स्तुतिगीतं असं कळलं होतं, पण आत बघतो तर अर्धंअधिक रडगाणंच! आणि १३व्या स्तोत्रात तर माणूस आधी देवाशी भांडतो आणि पुढच्याच ओळीत आनंदाने गायला लागतो. मधलं काही गाळलंय का?

उत्तर: गाळलेलं काही नाही, पण शंका अगदी बरोबर ठिकाणी आलीये. १५० स्तोत्रांमध्ये सगळ्यात जास्त कुठला प्रकार असेल तर तो एकट्या माणसाच्या विलापाचा, आजारपण, शत्रू, खोटे आरोप, मित्रांनी पाठ फिरवणं, सगळं त्यात आहे, आणि तरी ज्यांनी हा संग्रह जपला त्यांनी नाव ठेवलं स्तुतिगीतं. मला तरी हे नाव चुकलंय असं वाटत नाही.

तुमचं १३वं स्तोत्र बघा. जेमतेम सहा वचनं, म्हणजे श्लोक. सुरुवातीलाच चार वेळा 'किती दिवस?', म्हणजे किती दिवस विसरणार, किती दिवस तोंड लपवणार, अशी सरळ झाडाझडती. मग पाचव्या वचनात हिब्रूत एक छोटासा शब्द येतो, 'वाअनी', म्हणजे 'मी मात्र', आणि तिथून सूर पालटतो: मी मात्र तुझ्या हेसेदवर भरवसा ठेवलाय. हेसेद म्हणजे नुसती दया नाही, दिलेल्या शब्दाला जागणारं, नातं न तोडणारं प्रेम. १३६व्या स्तोत्रात 'त्याचं हेसेद सर्वकाळ टिकतं' हे पालुपद २६ वेळा येतं, प्रत्येक वचनाला एकदा.

हा पालट अचानक का होतो यावर अभ्यासकांनी बरंच डोकं खपवलंय. योआखिम बेग्रिख या जर्मन अभ्यासकाने १९३४ साली मांडलं की गाऱ्हाणं संपल्यावर मंदिरातला याजक, म्हणजे पुजारी, 'भिऊ नकोस' असं देवाचं उत्तर ऐकवत असणार, ते गीतात लिहिलं गेलं नाही, फक्त त्यानंतरचा आनंद तेवढा उरला. कल्पना छान आहे, पण मला तिची गरज वाटत नाही, कारण गाऱ्हाणं आणि भरवसा ही दोन टोकं आहेत असं आपणच धरून चाललोय. ज्याच्यावर भरवसाच नाही त्याला कोण कशाला विचारेल 'किती दिवस' म्हणून?

२२वं स्तोत्र वाचलंत की हे जास्त पटेल. सुरुवात 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस', आणि लगेच तिसऱ्या वचनात तू इस्राएलाच्या स्तुतींवर विराजमान आहेस, आणि मग दोन वचनांत तीन वेळा 'बाताह' हे क्रियापद, भरवसा ठेवणं: आमच्या वाडवडिलांनी भरवसा ठेवला, ठेवला आणि सुटले, ठेवला आणि फजीत झाले नाहीत. हा जरा टोमणाच आहे हो, त्यांचं ऐकलंस मग माझं काय! हेच क्रियापद १४६व्यात उलट्या बाजूने येतं, सरदार-राजांवर भरवसा ठेवू नका, त्यांचा श्वास गेला की त्याच दिवशी त्यांचे बेतही संपले.

कधीकधी तर देवाशी चक्क सौदा चालतो. ३०व्या स्तोत्रात विचारलंय, मी मरून खड्ड्यात गेलो तर तुला फायदा काय, माती तुझी स्तुती करणार का?

आणि सूर प्रत्येक वेळी पालटतोच असंही नाही बरं का. ८८वं स्तोत्र हाका मारत राहतं आणि हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच 'अंधार' आहे. संग्रह करणाऱ्यांनी त्याला गोड शेवट चिकटवला नाही, तेही स्तुतिगीतांतच ठेवलं. आणि १५०व्यात उलट, मागणं नाही, गाऱ्हाणं नाही, शिंग, वीणा, डफ, झांजा आणि श्वास असणाऱ्या प्रत्येकाने हालेलूयाह, म्हणजे परमेश्वराची स्तुती करा, म्हणावं, बस्स.

प्रश्न: माझ्या पुस्तकात 'परमेश्वर माझा मेंढपाळ' हे २३वं आहे, मैत्रिणीच्या जुन्या लॅटिन प्रतीत २२वं. कोणाचं चूक?

उत्तर: कोणाचंच नाही. जुन्या ग्रीक भाषांतरात ९वं आणि १०वं मिळून एकच स्तोत्र धरलंय, आणि त्यात तथ्य आहे कारण दोन्ही मिळून हिब्रू अक्षरमालेच्या क्रमाने जातात (मध्ये काही अक्षरं निसटलीत ते सोडा). लॅटिनने तोच हिशोब उचलला, त्यामुळे तिथून पुढे बराच वेळ आकडा एकने मागे. शेवटाकडे १४७व्याचे दोन तुकडे केलेत म्हणून बेरीज पुन्हा १५०च. शिवाय हिब्रू प्रतींत 'दावीदाचं स्तोत्र' वगैरे मथळा बऱ्याचदा पहिलं वचन म्हणून मोजतात, तेव्हा मैत्रिणीबरोबर वाचताना आकडा सांगू नका, पहिली ओळच वाचून दाखवा.