इसार देण्याआधी टाकीचे चार फोटो

भाऊ,

जळगावची ती कॅननची वापरलेली १०-१८ मिमी लेन्स नव्याच्या निम्म्या किमतीत मिळतेय म्हणून रविवारी घ्यायला निघालास, असं तुझ्या मेसेजवरून दिसतं. घ्यायला नको जाऊस. बघायला जा.

लेन्स भली आहे. २०१४ साली ती आली तेव्हा एवढी रुंद, म्हणजे जवळूनही खूप मोठा भाग चौकटीत घेणारी, लेन्स आपल्याही खिशाला झेपेल, असं आम्हा तालुक्याच्या स्टुडिओवाल्यांना पहिल्यांदा वाटलं. वजन २४० ग्रॅम. मागचं माउंट, म्हणजे कॅमेऱ्याला जोडायचं तोंड, प्लास्टिकचं म्हणून लोक नाक मुरडतात. मुरडू देत. एवढ्या हलक्या लेन्सला प्लास्टिक पुरतं. प्रश्न मॉडेलचा नाहीच, तुझ्या हातात येणाऱ्या त्या एका नगाचा आहे.

लेन्स तपासायला विटांच्या भिंतीचा फोटो काढून बघ, असं तुला कोणीतरी सांगेलच. १० मिमीला, म्हणजे झूमच्या सगळ्यात रुंद टोकाला, भिंत चौकटीत भरायची तर तिला जवळजवळ नाक लावावं लागतं. त्यात कॅमेरा जरा तिरका लागला की दोष लेन्सचा की आपला, कळत नाही. त्यापेक्षा गच्चीवर जा आणि लांबची पाण्याची टाकी शोध. कॅमेरा स्टँडवर, स्टॅबिलायझर बंद, छिद्र पूर्ण उघडं, म्हणजे एफ ४.५. टाकी मधोमध ठेवून फोकस घे, मग स्विच मॅन्युअलवर टाक आणि रिंगला हात लावू नकोस. आता तीच टाकी पाळीपाळीने चारही कोपऱ्यांत आण, चार फोटो काढ आणि मोठे करून बघ. चारही कोपरे सारखेच मऊ असले तर लेन्स स्वस्त आहे, एवढाच अर्थ. छिद्र लहान करून एफ ८ ला आणलं की बरीच सुधारते. तीन कोपरे ठीक आणि एकच धुवून निघालेला असला, तर आतली काच कलली आहे. अशी लेन्स फुकट मिळाली तरी घेऊ नकोस.

मी घेतली होती. दुसऱ्या कंपनीची, जुनी, एका ओळखीच्याकडून. वरातीच्या फोटोंत उजवीकडची मंडळी कायम धूसर. अख्खी लगीनसराई मी माझ्या हाताला दोष देत काढली.

मोबाइलचा टॉर्च मागून तिरका मारून आत बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर बुरशी. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे ती कमी लागते, पण लेन्स मुंबई-कोकणात पावसाळे काढून आली असेल तर सांगता येत नाही. धुळीचे दोन कण आत असले तर घासाघीस करायला उपयोगी, बाकी काही नाही. पुढची काच मात्र स्वच्छ हवी. इतक्या रुंद लेन्समध्ये सूर्य चौकटीत येतोच, आणि तेव्हा तिच्यावरचा प्रत्येक डाग ठिपका होऊन उमटतो.

आता खरं बोलायचं ते. तू म्हणतोस, हॉल लहान असतात, सगळे मावत नाहीत. मावतील. पण कडेला उभी असलेली आत्या दीडपट रुंद दिसेल, आणि अल्बमचे पैसे नेमके तिचेच यजमान देणार असतील. ग्रुप घेताना झूम फिरवून १८ मिमीकडे ये, मोठ्या माणसांना मधे घे, कडेला पोरं उभी कर. त्यातही १८ ला छिद्र उघडतं एफ ५.६ पर्यंतच, संध्याकाळच्या हॉलमध्ये म्हणजे अंधारच. स्टॅबिलायझर तुझा हात स्थिर करतो, नाचणाऱ्या नवरदेवाला नाही. फ्लॅश लागणारच.

सारंगखेड्याच्या यात्रेत मी एका घोडेवाल्याला हौसेने फोटो काढून दिला. गिऱ्हाइकाला दाखवायचा होता. १० मिमीला, अगदी तोंडाजवळून. डोकं ढोलाएवढं, मागचं धड शेळीचं. तो म्हणाला, "मना घोडाना गधडा करी टाका, भाऊ!" पैसे मागायची माझी हिंमतच झाली नाही.

पण हीच खोड रावेरकडच्या केळीच्या बागेत कामाला येते. दोन ओळींच्या मधे खाली बस. एफ ८, १० मिमी, साधारण ७० सेंटीमीटरवरच्या घडावर फोकस. मग हाताच्या अंतरावरच्या पानापासून पार शेवटच्या झाडापर्यंत सगळं स्पष्ट येतं. जवळचं मोठं होतं, लांबचं पळून जातं, आणि पाच एकरांची बाग पन्नास एकरांची दिसते. (बागवाल्याला हा फोटो फार आवडतो.) जवळ असणं किती फसवू शकतं ते बघायचं तर चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूसांच्या घरी जाऊन ये. त्या माणसाने घराबाहेर न पडता टेबलावर मांडणी करून अख्खे देखावे उभे केले.

हूड, म्हणजे पुढून ऊन अडवणारी झडप, या लेन्सबरोबर येत नाही, वेगळं घ्यावं लागतं. विकणाऱ्याकडे असलं तर मागून घे. पोलरायझर, म्हणजे आभाळ गडद करणारी फिल्टरची काच, विकायला बसला तर नको म्हण. एवढ्या रुंदीत आभाळ अर्धं गडद, अर्धं फिकं येतं.

रविवारी स्वतःची कॅमेरा बॉडी आणि स्वतःचं कार्ड ने. तो म्हणेल, आणखी दोन गिऱ्हाइकं येऊन बसलीत. बसू दे. टाकीचे चारही फोटो आधी मला पाठव. मी दुकानातच आहे, लगेच बघतो. तोवर इसार देऊ नकोस.