१२० चा रोल घेण्याआधी

यशिका मॅट १२४जी कॅमेरा घेतलास, छान केलंस. त्यात १२० ची, म्हणजे कागदासकट गुंडाळलेली रुंद फिल्म लागते. कॅमेऱ्यावर २२० ची खूणही दिसेल. २४ फ्रेमच्या त्या रोलच्या मागे लागू नकोस, तो आता सहज मिळत नाही. फिल्म सपाट धरणारी आतली दाबपट्टी १२० वर आहे ना, तेवढं बघ. फुजीचा प्रो ४००एच हा रंगीत रोल २०२१ मध्ये बंद झाला. जुना साठा चढ्या भावाने घेणं मला पटत नाही. शिकताना एकच फिल्म धर, इलफर्ड एचपी५ प्लस. कृष्णधवल असल्याने घरीच डेव्हलप होते. पणजी-मडगावच्या दुकानांवर विसंबू नकोस, मुंबईहून पाच-सहा रोल एकदम मागव.

आपल्याकडे खरी काळजी हवेची. रोल घट्ट झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये ठेव. बाहेर काढल्यावर निदान दोन तास पाकीट फोडू नकोस, नाहीतर पावसाळ्यातल्या दमट हवेचं पाणी फिल्मवर धरतं. मिरामारच्या उन्हात रोल बदलायचा नाही, सावलीत जा: १२० ला डबी नसते, उजेड अडवतो तो फक्त घट्ट गुंडाळलेला कागद. सैल सुटला की कडा गेल्याच म्हणून समज. चिकटपट्टी लगेच लाव, आणि फोटो काढून झालेला रोल चतुर्थीपर्यंत ठेवू नकोस, त्याच आठवड्यात धू.