सेकंडहँड ब्रॉडकास्ट कॅमेरा घेताना काय पाहावं, आणि कार्डवरचं फुटेज आवाजासकट लॅपटॉपवर कसं घ्यावं?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. नागपुरात केबल आणि यूट्यूब दोन्हीकडे चालणाऱ्या बातम्यांच्या छोट्या चॅनेलसाठी सेकंडहँड कॅमेरा कोणता घ्यावा, 4के हवाच का, हा एक प्रश्न. दुसरा असा की मित्राच्या पॅनासॉनिक कॅमेऱ्यातल्या एमएक्सएफ (व्यावसायिक कॅमेऱ्यांचा व्हिडिओ फाइल प्रकार) फायली लॅपटॉपवर घेतल्या की आवाजच येत नाही आणि अर्ध्या तासाचं भाषण पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांत मिळतं. मी दुसऱ्यापासून सुरू करतो. त्याचं उत्तर कळलं की कॅमेरा निवडणं बरंच सोपं होतं.

तुमचं वर्णन वाचून मित्राचा कॅमेरा पी-टू (पॅनासॉनिकचं खास मेमरी कार्ड) कार्डाचा असणार, हे जवळपास नक्की. खात्री करायची तर कार्ड उघडून बघा. वर ‘कंटेंट्स’ नावाचं फोल्डर आणि त्याच्या पोटात ‘क्लिप’, ‘व्हिडिओ’, ‘ऑडिओ’, ‘आयकॉन’, ‘प्रॉक्सी’, ‘व्हॉइस’ अशी सहा फोल्डरं दिसली, की ते पी-टूच. या पद्धतीत चित्र एका फायलीत आणि आवाज वेगळ्या फायलींत असतो. ‘व्हिडिओ’मध्ये सहा अक्षरी नावाची एमएक्सएफ फाइल असते. ‘ऑडिओ’मध्ये त्याच नावापुढे 00, 01, 02, 03 लागलेल्या फायली असतात, म्हणजे प्रत्येक चॅनेलची एक. कोणता आवाज कोणत्या चित्राचा आणि कोणता तुकडा कशाच्या पुढचा, हे ‘क्लिप’ फोल्डरमधल्या एक्सएमएल फायलीत लिहिलेलं असतं. मित्राने सगळ्यात मोठ्या फायली दिसल्या म्हणून फक्त ‘व्हिडिओ’ फोल्डर ओढून घेतलं असणार. मग आवाज येणार कुठून?

तुकडे पडण्याचं कारण त्याहून साधं आहे. हे कार्ड फॅट-32 पद्धतीने फॉरमॅट होतं आणि त्यात एक फाइल 4 जीबीपेक्षा मोठी होऊच शकत नाही. एव्हीसी-इंट्रा 100 या पॅनासॉनिकच्या रेकॉर्डिंग प्रकारात शूट केलं की साधारण पाच मिनिटांत 4 जीबी भरतात. कॅमेरा न थांबता पुढची फाइल उघडतो, त्यामुळे मध्ये एकही फ्रेम जात नाही.

कार्ड अजून फॉरमॅट केलं नसेल तर सगळं जसंच्या तसं परत मिळेल. पूर्ण ‘कंटेंट्स’ फोल्डर, आतली नावं न बदलता, कार्डाच्या नावाच्या एका नव्या फोल्डरमध्ये कॉपी करा. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ते ‘इंपोर्ट’ने किंवा एक्सप्लोररमधून ओढून न घेता ‘मीडिया ब्राउझर’मधून उघडा. तिथे अख्खं भाषण एकच क्लिप म्हणून, आवाजासकट दिसेल. कार्ड फॉरमॅट झालं असेल, पण ‘ऑडिओ’ फोल्डर कुठेतरी वाचलं असेल, तर नावं जुळवून आवाज टाइमलाइनवर हाताने खाली लावा. दोन्ही एकाच क्षणी सुरू होतात, त्यामुळे सिंक बसतं. ‘ऑडिओ’ही गेलं असेल तर त्या कार्डावर आता काहीही नवीन रेकॉर्ड करू नका आणि आधी रिकव्हरी करून घ्या.

आवाज न येण्याचं आणखी एक कारण नेहमी फसवतं. सोनीच्या एक्सडीकॅम जातीच्या एमएक्सएफमध्ये आवाज त्याच फायलीत असतो, पण चार वेगळ्या मोनो ट्रॅकमध्ये. व्हीएलसीसारखा प्लेयर सहसा पहिलाच ट्रॅक वाजवतो. तुमचा हातातला माइक चॅनेल 2 वर लावलेला असेल तर प्लेयरमध्ये शांतता आणि एडिटिंगमध्ये आवाज व्यवस्थित, असं होतं. म्हणून फुटेज ‘मूक’ आहे हे प्लेयर बघून ठरवू नका.

बाकी पद्धतींतही नियम तोच, फक्त फोल्डरांची नावं बदलतात. एव्हीसीएचडीचं ‘प्रायव्हेट’ आणि त्यात ‘एव्हीसीएचडी’. जुन्या एक्सडीकॅम ईएक्सचं ‘बीपीएव्ही’. एसडी कार्डावरच्या सोनी एक्सएव्हीसीचं ‘प्रायव्हेट’ आणि त्यात ‘एक्सडीरूट’. जुन्या कॅनन एक्सएफमध्येही वर ‘कंटेंट्स’च असतं, पण आत ‘क्लिप्स001’ अशी फोल्डरं असतात आणि आवाज फायलीतच असतो, त्यामुळे पी-टू समजून गोंधळू नका. कोणतंही असो, वरच्या पातळीचं अख्खं फोल्डर उचलायचं. एव्हीसीएचडीत तर हे फार महत्त्वाचं आहे. तिथे कॅमेऱ्यानुसार साधारण 2 किंवा 4 जीबीला फाइल तुटते, आणि सुट्या एमटीएस फायली नुसत्या एकापुढे एक लावल्या तर सांध्यावर आवाज खट् करतो, क्वचित एखाद-दुसरी फ्रेमही जाते.

कॉपी करताना विंडोजच्या साध्या कॉपी-पेस्टवर विसंबू नका, कारण कॉपी झालेली फाइल ते परत वाचून तपासत नाही. टेराकॉपीसारखं ‘व्हेरिफाय’ करणारं साधन वापरा. ते दोन्हीकडच्या फायलींचा चेकसम काढून ताडून बघतं. एक प्रत लॅपटॉपवर, दुसरी बाहेरच्या डिस्कवर, आणि दोन्ही थेट कार्डावरून. पहिल्या प्रतीवरून दुसरी काढली तर पहिलीतली चूक दुसरीतही जाते. बाहेरची डिस्क एक्सफॅट किंवा एनटीएफएस असावी. फॅट-32 डिस्कवर 4 जीबीपुढची फाइल जाणारच नाही. फोल्डरचं नाव तारीख, जागा, कॅमेरा आणि कार्ड क्रमांक अशा क्रमाने, इंग्रजी अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता द्या. देवनागरी नावांवर काही सॉफ्टवेअर अडखळतात.

आता वेळेचा हिशेब, कारण संध्याकाळच्या बुलेटिनला तोच कामाचा. 50 एमबीपीएस (सेकंदाला 50 मेगाबिट) म्हणजे सेकंदाला सव्वासहा एमबी, तासाला साडेबावीस जीबी, आणि आवाज धरून पंचवीसच्या आसपास. 64 जीबीच्या कार्डात अडीच तासांपेक्षा थोडं कमी बसतं. यूएसबी 3 चा चांगला रीडर 80 एमबीच्या वेगाने चालला तर 50 जीबीला साडेदहा मिनिटं लागतात. तेच यूएसबी 2 च्या रीडरवर अर्ध्या तासाच्या घरात जातं. रीडरवर हात आखडू नका.

यावरून कॅमेऱ्याकडे येऊ. माझं मत स्पष्ट आहे: तुमच्या कामाला साध्या एसडी कार्डावर 50 एमबीपीएस एचडी रेकॉर्ड करणारा, एक्सएलआर (व्यावसायिक माइकचं इनपुट) आणि एसडीआय (व्हिडिओ बाहेर देणारी ब्रॉडकास्ट जोडणी) असलेला कॅमेरा घ्या. पी-टू आणि सोनीची एसएक्सएस कार्डं उत्तम आहेत, पण महाग आहेत. आणि रात्री नऊ वाजता कार्ड कमी पडलं तर सीताबर्डीच्या बाजारात किंवा कुठल्याही दुकानात एसडी मिळेल, एसएक्सएस मिळणार नाही. एसडी घेताना व्ही30 खूण बघा, म्हणजे सतत 30 एमबी प्रति सेकंद लिहिण्याची हमी. नवं कार्ड आधी एच-टू-टेस्ट-डब्ल्यूने पूर्ण भरून तपासा. नकली कार्ड वर 128 लिहितं आणि आत 16 असतं. ते तिथपर्यंत नीट चालतं आणि पुढचं सगळं गिळतं.

मॉडेलचं बोलायचं तर सोनी पीएक्सडब्ल्यू-झेड150 मध्ये एक इंची सेन्सर, 12 पट झूम आणि दोन एसडी स्लॉट आहेत. पत्रकार परिषद, मुलाखत, रस्त्यावरची बाइट याला तो पुरतो. पीएक्सडब्ल्यू-झेड190 मध्ये तीन 1/3 इंची सेन्सर आणि 25 पट झूम आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर मीडियाच्या मचाणावरून मंचावरच्या वक्त्याचा क्लोजअप लागतो आणि तिथे 12 पट झूम कमी पडतो. उलट संध्याकाळच्या कमी उजेडात एक इंची सेन्सरचं चित्र स्वच्छ येतं. तुमचं काम जास्त कुठे असतं, त्यावर ठरवा. सोनी एक्स160 स्वस्तात मिळाला तरी तो एसएक्सएस कार्डाचा आहे हे किमतीत धरा.

4के साठी जास्त पैसे मोजू नका. झेड150 चं 4के 8-बिट 4:2:0 आहे, तर त्याचं एचडी एक्सएव्हीसी 10-बिट 4:2:2 आहे, म्हणजे त्यात रंगाची माहिती जास्त असते. बातमीला दुसरं जास्त कामाचं. फक्त एच.264 पद्धतीने दाबलेलं हे 10-बिट 4:2:2 व्हिडिओ बऱ्याच लॅपटॉपच्या ग्राफिक्स चिपला हार्डवेअरने उलगडता येत नाही आणि टाइमलाइन अडकते. म्हणून पैसे देण्याआधी त्याच कॅमेऱ्याची दोन मिनिटांची क्लिप तुमच्या एडिटिंग मशीनवर चालवून बघा. अडकली तर प्रॉक्सी (एडिटिंगसाठी हलक्या प्रती) करून काम भागतं, पण त्याचा वेळ रोज जाईल हे धरून चला.

सेकंडहँड बघताना कॅमेरा सुरू करून मेनूत 50/59.94 (सेकंदाचा फ्रेम दर) बदलता येतं का ते पाहा. आपल्याकडे 50 लागतं, आणि हे बदललं की कार्ड पुन्हा फॉरमॅट करावं लागतं. लेन्सवर टोपी लावून गेन (चित्राचा उजेड इलेक्ट्रॉनिक पद्धतीने वाढवणारी सेटिंग) 18 डीबी करा आणि मॉनिटरवर कायम चमकणारे ठिपके शोधा. पूर्ण झूम करून दूरच्या पाटीवर फोकस लावा, मग सावकाश बाहेर या. फोकस सुटला तर लेन्स हललेली आहे. एनडी या उजेड कमी करणाऱ्या फिल्टरच्या सगळ्या जागा फिरवून बघा. दोन्ही एक्सएलआरवर 48 व्होल्ट (केबलमधून माइकला मिळणारी वीज) चालू करून कंडेन्सर माइक लावा. दोन्ही स्लॉटमध्ये रेकॉर्ड करा. एसडीआय आउट खऱ्या मॉनिटरवर तपासाच. चित्र दिसतं आणि एसडीआय मेलेला आहे, असे कॅमेरे बाजारात पुष्कळ फिरतात. याचं एक कारण चुकीच्या क्रमाने केबल लावणं हे असतं. आधी कॅमेरा आणि मॉनिटर दोन्हीचं पॉवर जोडा, मग एसडीआय. काढताना आधी एसडीआय, मग पॉवर. बॅटरीच्या डी-टॅपवरून (बॅटरीवरच्या वीज देणाऱ्या सॉकेटवरून) मॉनिटर चालवत असाल तर हे जास्तच पाळा.

सेटिंग: यूट्यूब आणि केबल दोन्हीसाठी 1080/50पी (सेकंदाला 50 पूर्ण फ्रेम) मध्ये शूट करा. केबलला 50आय (एकाआड एक ओळींचं, म्हणजे इंटरलेस चित्र) हवं असेल तर 50पी वरून ते सहज निघतं. 50आय वरून 50पी करताना डीइंटरलेस करावं लागतं आणि हलत्या कडा बिघडतात. शटर 1/50 किंवा 1/100 ठेवा, नाहीतर ट्यूबलाइट आणि एलईडी लुकलुकतात. स्टेजमागची एलईडी भिंत तरीही पट्टे दाखवत असेल तर ईसीएस किंवा क्लिअर स्कॅन (शटरचा वेग बारीक बदलणारी सेटिंग) हळूहळू सरकवून पट्टे थांबवा. चेहऱ्यासाठी झेब्रा (ठरावीक उजेडाच्या भागावर पट्टे दाखवणारी खूण) 70 वर. उन्हात आयरिस (लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र) फार बंद करू नका, लहान सेन्सरवर चित्र मऊ पडतं. एनडी वाढवा, तो त्यासाठीच दिलेला आहे.

हिवाळी अधिवेशनात विधानभवन परिसरात किंवा सभांमध्ये ऑडिओ बॉक्समधून (व्यासपीठाचा आवाज सगळ्या कॅमेऱ्यांना वाटणाऱ्या पेटीतून) फीड घ्याल तेव्हा तो लाइन (मोठ्या पातळीचा) आहे की माइक (बारीक पातळीचा) हे विचारून घ्या. लाइन पातळीचा आवाज माइक इनपुटवर घेतला तर तो फाटतो, मग मीटर खाली आणून काही होत नाही. फीडवर 48 व्होल्ट बंद ठेवा. चॅनेल 1 वर फीड आणि चॅनेल 2 वर कॅमेऱ्याचा माइक असं ठेवलं तर फीड मध्येच गेला तरी बातमी वाचते. बोलण्याचे पीक उणे 12 डीबीच्या आसपास राहू द्या.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं. बहुतेक कॅमेऱ्यांची कामाची मर्यादा 40 अंश लिहिलेली असते आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 गाठतो. पांढरी छत्री किंवा पांढरं कापड कॅमेऱ्यावर धरा, एलसीडी बंद करून व्ह्यूफाइंडर वापरा, आणि बॅटऱ्या गाडीच्या डॅशबोर्डवर कधीच ठेवू नका. मारबतीच्या मिरवणुकीत गुलाल उडतो, तिथे रेन कव्हर चढवूनच जा. लेन्सवर बसलेला गुलाल आधी ब्लोअरने उडवा. कोरड्या कापडाने पुसला तर कोटिंगवर ओरखडे पडतात.

जागेवरून बातमी पाठवायची तर मूळ एमएक्सएफ पाठवत बसू नका. कट करून 10 एमबीपीएसची एच.264 फाइल काढा. दोन मिनिटांची बातमी दीडशे एमबीत बसते आणि गर्दीतल्या मोबाइल नेटवर्कवरही निघते. मूळ कार्ड ऑफिसला पोहोचलं, दोन प्रती झाल्या, व्हेरिफाय झालं, प्रत्येक क्लिपची सुरुवात आणि शेवट उघडून बघितला, की मगच कार्ड फॉरमॅट करायचं, आणि तेही लॅपटॉपवर नाही, कॅमेऱ्यातच. तोवर कार्डाचं लॉक खाली सरकवून वर टेप लावून ठेवा, म्हणजे घाईत कुणी उचललं तरी त्यावर रेकॉर्ड होणार नाही.