मार्व्हलची जुनी ‘चॅम्पियन्स’ टीम १७ अंकांतच का आटोपली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कमला खान आणि माइल्स मोरालेस या तरुण सुपरहिरोंची मार्व्हल कॉमिक्समधली २०१६ची ‘चॅम्पियन्स’ वाचली, मग कळलं की याच नावाची एक टीम सत्तरच्या दशकात होती. ती इतक्या लवकर का बंद पडली, आणि आज वाचण्यासारखी आहे का?

खपली नाही म्हणून बंद पडली, यात वाद नाही. ती का खपली नाही, ते मात्र सुरुवातीपासून सांगावं लागेल.

लेखक टोनी इझाबेला यांना मुळात टीम काढायचीच नव्हती. एक्स-मेन या सुपरहिरो टीममधले एंजल आणि आइसमन हे दोन जुने दोस्त घ्यायचे आणि त्यांची भटकंती रंगवायची, एवढीच त्यांची कल्पना. संपादक लेन वाईन म्हणाले, टीम म्हटली की निदान पाच जण हवेत. मग अटी वाढत गेल्या: एक बाई हवी, एक दांडगा पहिलवान हवा आणि स्वतःचं मासिक असलेला एक तरी हिरो हवा. त्यातून रशियन गुप्तहेर ब्लॅक विडो, ग्रीक पुराणातला हर्क्युलिस आणि जळत्या कवटीचा घोस्ट रायडर आले. आमच्याकडे जत्रेला वाड्यावरची पोरं नाटक बसवतात, तेव्हा असंच चालतं. संहिता एक सांगते, पण देणगी देणाऱ्याचा भाचा हवा, वरच्या वाड्यावरचा एक तरी हवा, नाहीतर पुढच्या वर्षी वर्गणी नाही. शेवटी रंगमंचावर पात्रं पुष्कळ जमतात आणि ती एकमेकांशी काय बोलणार, हे कोणालाच ठाऊक नसतं.

पहिला अंक १९७५च्या ऑक्टोबरचा, चित्रं डॉन हेक यांची, किंमत २५ सेंट. हे पाच जण लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात योगायोगाने एकत्र येतात. आणि कारण काय, तर पाताळाचा देव प्लूटो याला हर्क्युलिसचं लग्न ॲमेझॉनची राणी हिप्पोलिटाशी आणि प्रेमदेवता व्हीनसचं युद्धदेव एरीसशी लावून द्यायचंय! लग्न मोडण्यासाठी स्थापन झालेली ही बहुधा एकमेव सुपरहिरो टीम असावी. मला हा भाग आवडतो, खोटं कशाला बोलू. पण तीन अंकांनी प्लूटो गेल्यावर प्रश्न उभा राहिला की आता हे पाच जण एकत्र का राहणार? एंजलच्या घरचा पैसा होता आणि आपण सामान्य माणसाचे हिरो व्हायचं, असा टीमचा निर्धार होता. तो निर्धार कथेत फारसा उतरला नाही. अपवाद एकच, पाचव्या अंकातला रॅम्पेज. मंदीत कंपनी बुडालेला हा संशोधक यांत्रिक चिलखत चढवून गुन्हेगारीकडे वळतो. अशी पाच-सहा माणसं सापडली असती, तर टीमला स्वतःचं शहर आणि स्वतःचं काम मिळालं असतं.

त्याऐवजी झालं असं की आळीपाळीने एकेकाचं जुनं देणं-घेणं दारात येत राहिलं. आधी हर्क्युलिसचे नातेवाईक, मग ब्लॅक विडोचा रशियातला भूतकाळ, शेवटी एक्स-मेनचे जुने शत्रू. ब्लॅक विडोकडे टीमचं नेतृत्व होतं, त्या काळात ही गोष्ट विरळाच. पण तिलाही टीम घडवायला वेळ मिळतो कुठे? घोस्ट रायडरचं तर स्वतःचं मासिक चालू होतं. म्हणजे त्याच्या आयुष्यात जे काही घडायचं ते तिकडे, इथे तो पाहुणा. बाकीच्यांना त्याच्या जळत्या कवटीची भीती वाटते, हा धागा चांगला होता, पण त्याला तडीस नेण्याचा अधिकार या मासिकाकडे नव्हता.

आता कोणी म्हणेल, ऑफिसच्या अटींवर टीम जमवली म्हणून ती पडली. मला हे पुरतं पटत नाही. त्याच १९७५ साली याच लेन वाईन यांनी डेव्ह कॉक्रम यांच्यासोबत नवे एक्स-मेन उभे केले. तीही हिशेबाने जमवलेलीच टीम, वेगवेगळ्या देशांतला एकेक जण घेऊन. पण त्यातल्या बहुतेकांना आगापिछा नव्हता आणि दुसरीकडे कुठे त्यांचं मासिकही चालू नव्हतं. लेखकाला हवं ते करता आलं. क्रिस क्लेरमॉन्ट यांनी ते मासिक १९७५ ते १९९१ सलग लिहिलं. चॅम्पियन्सच्या १७ अंकांत लेखक बदलले, चित्रकार तर हेक, जॉर्ज टुस्का, बॉब हॉल असे फिरतच राहिले. वर बहुतेक काळ अंक दोन महिन्यांतून एकदा येणार. वाचकाला सवय लागायची कशी?

आठव्या अंकापासून लेखन बिल मँट्लो यांच्याकडे गेलं आणि अकराव्यापासून जॉन बर्न चित्रं काढू लागले, तेव्हा मासिकात जीव आला. आमच्या वाड्यावरचे एक काका बोटीवर कामाला होते. त्यांनी परदेशातून आणलेल्या कॉमिक्सच्या पिशवीतून मी ही मालिका वाचली, तीही उलटसुलट क्रमाने. त्यामुळे माझी पहिली ओळख चौदाव्या अंकातल्या स्वार्मशी झाली. स्वार्म म्हणजे मधमाश्यांच्या थव्याने बनलेला नाझी शास्त्रज्ञ. कल्पना ऐकायला बावळट, बर्नच्या चित्रांत अंगावर काटा आणणारी. टीम गेली तरी स्वार्म टिकला, पुढे स्पायडर-मॅनला त्रास देत राहिला.

पण सुधारणा कागदावर दिसते आणि विक्रीत दिसते यात तेव्हा बरंच अंतर असायचं. त्या काळी अमेरिकेत कॉमिक्स मुख्यतः वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर जायची आणि न खपलेल्या प्रती परत घेतल्या जायच्या, म्हणून खरा आकडा कळायलाच कित्येक महिने लागत. किंमतही २५ सेंटवरून ३५ वर गेली होती. त्यातच बर्न पंधराव्या अंकानंतर बाहेर पडले, आणि १९७७च्या अखेरीस ते कुठे दिसतात? एक्स-मेनमध्ये, क्लेरमॉन्ट यांच्यासोबत. पुढे त्या जोडीने काय केलं ते जगजाहीर आहे. चॅम्पियन्सचा सतरावा आणि शेवटचा अंक जानेवारी १९७८चा.

नंतर मात्र या टीमचे तुकडे बरेच कामी आले. एंजल आणि आइसमन १९८६मध्ये ‘एक्स-फॅक्टर’ या टीममध्ये एक्स-मेनच्या जुन्या सवंगड्यांना भेटले. न्यूयॉर्क सोडून पश्चिम किनाऱ्यावर सुपरहिरोंची टीम ठेवायची, ही कल्पना १९८४मध्ये ‘वेस्ट कोस्ट ॲव्हेंजर्स’ने पुन्हा उचलली आणि ती चालली. नावाचं काय झालं तर १९८१मध्ये ‘चॅम्पियन्स’ नावाचा एक रोल-प्लेइंग खेळ आला, पुढे त्या नावाची कॉमिक्सही दुसऱ्याच प्रकाशकाने काढली आणि मार्व्हलच्या हातून नाव गेलं. २००७मध्ये त्यांना ते एका नव्या मालिकेसाठी वापरायचं होतं, पण तिला शेवटी ‘द ऑर्डर’ म्हणावं लागलं. तुम्ही वाचलेली २०१६ची मालिका त्यानंतरची, नाव पुन्हा मिळाल्यावरची.

वाचावी का? सगळी नको. पहिले तीन अंक गंमत म्हणून, पाचवा रॅम्पेजसाठी आणि मग थेट अकरा ते पंधरा. मधला रशियन भाग ब्लॅक विडोचे चाहते असाल तरच. सोळावा अंक हातात घेण्याआधी मार्व्हलच्याच ‘सुपर-व्हिलन टीम-अप’ मासिकाचा चौदावा अंक मिळवा, कारण सोळाव्यातली खलनायक डॉक्टर डूमची कथा तिथे सुरू होते. आणि टीम फुटली कशी, ही हकीकत तिच्या स्वतःच्या मासिकात शोधू नका. ती मँट्लो यांनी ‘स्पेक्टॅक्युलर स्पायडर-मॅन’च्या १७ आणि १८ क्रमांकाच्या अंकांत सांगितली आहे, खलनायक पुन्हा तोच रॅम्पेज.